हलकी न होणारी बस

"माझ्या बसमधून काहीच कमी होत नाहीये," वेंडेल टॅकेट म्हणाला. "तीच माझी तक्रार आहे."

आर्डिथ पॉमरॉयने कॉफीचा मग खाली ठेवला. खाजगी गुप्तहेर म्हणून तिने आयुष्य काढलं होतं. अमुक नाहीसं झालं म्हणून रडणारे तिने पुष्कळ पाहिले होते. नाहीसं होत नाही म्हणून रडणारा हा पहिलाच.

"बस," ती म्हणाली. "लाईल, त्याला खुर्ची दे."

लाईल होकान्सन उठला, कमरेवर हात ठेवून कण्हला आणि स्वतःचीच खुर्ची पुढे सरकवली. दुसरी नव्हतीच. आर्डिथकडे दोन खुर्च्या होत्या, एक तिची आणि एक लाईलची. तो तिचा मदतनीस होता असं तो सांगे. ती नाकारत नसे, कारण पाण्याचे कॅन तोच उचलून आणी.

हे सगळे ॲरिझोनाच्या वाळवंटात तळ ठोकून राहत, शाळेच्या जुन्या बसमध्ये. बाकडी उपटून टाकायची, आत पलंग आणि ओटा बांधायचा आणि पिवळा सोडून कुठलाही रंग द्यायचा, की झालं घर. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांची ने-आण केलेल्या या बसमध्ये आता अशी माणसं राहत होती, ज्यांची स्वतःची मुलं फोन करत होती. नाताळला.

तळावर लोक हवापाण्याबद्दल बोलत नसत, कारण हवा रोज तीच आणि पाणी नव्हतंच. ते वजनाबद्दल बोलत. रिकामी केलेली बस चौदा-पंधरा हजार पौंड भरते. तिच्यात भिंती, बॅटऱ्या, टाक्या आणि बायकोची हौस घातली की पाच-सहा हजार सहज वाढतात. वाढताना मात्र कोणाला दिसत नाहीत. पोटाचंही असंच असतं.

लाईलची बस सगळ्यांत हलकी होती. एक खाट, एक चूल, एक सोंगट्यांचा पट. घर करताना हजार पौंडसुद्धा वाढले नव्हते. हा तळावरचा विक्रम होता. तो लाईल वारंवार सांगे आणि कोणीही त्याचं अभिनंदन करत नसे.

"नीट सांग," आर्डिथ म्हणाली.

"माझी कॉर्लिस आयडाहोत राहते. म्हणते, बाबा, घर घेऊन माझ्या अंगणात ये. पण अंगणाआधी ओढा आहे, ओढ्यावर लाकडी पूल आणि पुलावर पाटी. वीस हजार पौंड."

"आणि तुझी बस?"

"वीस हजार सहाशे."

"पुलाच्या अलीकडे राहा की," लाईल म्हणाला.

"अलीकडे हमरस्ता आहे, लाईल. तिथे मला नातवंडं नाही, ट्रकवाले भेटतील." वेंडेलने टोपी काढून पुन्हा घातली. "म्हणून बायकोच्या, मार्व्हलच्या, वस्तू काढायला घेतल्या. आधी तिची बिडाची चूल. चारशे पौंड. खडीच्या खाणीवरच्या वजनकाट्यावर बस नेली. वीस हजार सहाशे. मग तिचं पायाने चालवायचं शिलाई मशीन काढलं. वीस हजार सहाशे. मग तिने भरलेल्या पीचच्या बरण्या. शेवटच्या. पुन्हा तेच!"

"काटा बिघडला असेल."

"मधे तळावरच्या रॉस्कोने त्याच काट्यावर आपली बस घातली. बरोबर होती."

"पाणी, डिझेल?"

"काट्यावर जाताना पाण्याची टाकी रिकामी आणि डिझेलची गच्च. दर वेळी. अगं, ते इथलं शेंबडं पोरही करेल."

"इथे पोरं नाहीत," आर्डिथ म्हणाली. "काढलेल्या वस्तूंचं काय केलंस?"

"फुकटच्या ढिगावर ठेवल्या."

तळाच्या टोकाला तो ढीग होता. नको असलेलं तिथे ठेवायचं. हवं असेल त्याने न्यायचं. कोणी नेलं हे विचारायचं नाही, आणि आपली वस्तू दुसऱ्याच्या दारात दिसली तर तिला ओळख दाखवायची नाही. एवढा एकच कायदा तळावर होता, म्हणून तो पाळला जाई.

"लाईलची ढकलगाडी घेऊन दोघांनी चूल ढिगावर नेली. बाकीचं मी एकट्याने नेलं. ठेवलं की मी लगेच फिरायला निघतो, पार लाल टेकडीपर्यंत. कोणी तिची वस्तू उचलून नेतंय हे बघवत नाही मला. उन्हं कलली की परततो." तो थांबला. "आता पलंग तेवढा राहिला. मार्व्हलने स्वतः रंधा मारून केलेला. उद्या तोडतो. तरी वजन उतरलं नाही, तर कॉर्लिसला कळवतो की माझी वाट बघू नका."

"पलंग नको!" लाईल एवढ्या झटक्यात बोलला की त्याची कंबर पुन्हा धरली. "म्हणजे, पाईनच्या फळ्यांना वजन ते काय असणार?"

"इतके दिवस हेच म्हणून मी तो ठेवला होता," वेंडेल म्हणाला.

बर्नाडीन लॉफ्ट तळासाठी ब्रेड भाजायची. वेंडेलच्या चुलीवर तिचा डोळा होता हे सगळ्या तळाला ठाऊक होतं, कारण ते तिनेच सांगितलं होतं.

"होता डोळा, मग?" ती पीठ तिंबत म्हणाली. "वेंडेल टेकडीकडे जाताना दिसला, तशी मी पीठ झाकून धावले. ढिगावर काय, तर नुसतं धुराडं! एवढी चूल नेली आणि धुराडं ठेवून गेला मेला. त्याच्या घरात धूर कोंडो!"

"धुराडं का नेलं नसेल?"

"मला काय विचारतेस? गुप्तहेर तू की मी?"

ते धुराडं रॉस्को येट्सच्या बसवर डौलात उभं होतं. रॉस्को मोडकं लोखंड गोळा करायचा.

"सापडला!" लाईल कुजबुजला.

"अरे, लोखंड दिसलं की मी आजीच्या थडग्याचं कुंपणही सोडणार नाही," रॉस्को म्हणाला. "पण त्याआधी पोहोचायला तर हवं! चूल गेली, मशीन गेलं. माझ्या वाट्याला हा पत्र्याचा नळा. तोही बर्नाडीनच्या शिव्या खाऊन."

परत येताना लाईलने आपला सिद्धान्त मांडला. "कोणीतरी वाळू भरतंय. भिंतींच्या पोकळीत. इथे वाळूला काय तोटा?"

"इतका दुष्टपणा कोण करेल?"

"माणसं वाईट असतात, आर्डिथ." लाईलने कोटाच्या खिशातली तेलाची कुपी काढली आणि तिच्या दाराच्या बिजागरीत दोन थेंब सोडले. हे त्याचं नेहमीचंच होतं. कोणाचं दार करकरलं की लाईलला चैन पडत नसे. अख्ख्या तळाला तो न विचारता तेल घालत फिरे.

दुपारी दोघं वेंडेलच्या बसमध्ये गेली. चूल गेल्यापासून वापरत असलेल्या छोट्या गॅसच्या शेगडीवर त्याने अंडी तळायला घेतली होती. तव्यावरचं अंडं सावकाश मागच्या अंगाला ओघळलं आणि कडेला जाऊन गप्प बसलं.

"मागून बस दबलीय," तो म्हणाला. "मागच्या चाकांखाली फळ्या सरकवतो, तरी दबते. चाकं वाळूत रुतत असतील."

आर्डिथ खाली उतरली. मागच्या चाकांखाली फळ्या होत्या आणि फळ्यांखाली सरळ कातळ होता. कातळात बस रुतल्याचं तिने ऐकलं नव्हतं. ड्रायव्हरच्या मागे, जिथे चूल होती, तिथल्या जमिनीवर चौकोनी डाग उरला होता. वेंडेल त्या डागाला वळसा घालून चालत होता.

बसच्या पाठीमागे शाळेच्या दिवसांतलं संकटकाळचं दार होतं. पलंग त्याला लागूनच, त्यामुळे दार उघडलं की पलंगाखालची कोठी लागे.

"इथे काय असतं?"

"मार्व्हलची कोठी. तिची लोकर, तिचे बूट." वेंडेल खिडकीतून म्हणाला. "ती गेल्यापासून हे दार उघडलेलं नाही. वर्ष होऊन गेलं. माझ्याने होत नाही."

आर्डिथने कडी उचलली. दार बोटभर सरकलं. एवढासाही आवाज झाला नाही.

"असू दे ना," लाईलने चटकन ते लोटून बंद केलं. "मेलेल्या माणसाच्या वस्तू आहेत."

आर्डिथने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग ती म्हणाली, "बर्नाडीन आणि रॉस्कोला बोलव. आणि लाईल, तू तिकडेच राहू नकोस. परत ये."

सगळे वेंडेलच्या बसमागे जमले. बर्नाडीनने ब्रेड आणला होता. तिला वाटलं, कोणी गेलं.

"वेंडेल," आर्डिथने सुरुवात केली, "चोर तुझ्या बसमध्ये भर घालतोय, हे उघड आहे. पण किती भर? चूल निघाली तेव्हा नेमकी चुलीएवढी. मशीन निघालं तेव्हा मशीनएवढी. वाळूने हे जमवायचं तर चोराला आधी तुझी चूल काट्यावर घालावी लागेल. चुलीच्या वजनाशी तंतोतंत जुळणारी गोष्ट जगात एकच. तीच चूल."

वेंडेलने टोपी काढली.

"रांधायला हवी असती, तर नेणाऱ्याने धुराडंही नेलं असतं. मोडीसाठी हवी असती, तर धुराडंही मोडीत गेलं असतं. ते मागे राहिलं, कारण लांबोडं होतं, कोठीत मावत नव्हतं. चूल मात्र सुटी होते, तुकड्या-तुकड्यांनी मावते. वजन पुढून मागे गेलं, म्हणून तुझं अंडं मागे पळतं. आणि वर्षभर न उघडलेलं दार या धुळीत किंचाळायला हवं. ते गप्प आहे. त्याला कोणीतरी तेल घातलंय."

तेल म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. लाईल खिशात हात घालून उभा होता, आणि खिशात काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"ढकलगाडी त्याची," आर्डिथ हळू आवाजात म्हणाली. "तू टेकडीकडे जातोस हे त्याला ठाऊक. या कोठीला तू हात लावत नाहीस हेही. कंबर त्याचीच धरलीय. आणि पलंग तोडायचं निघालं तेव्हा ओरडला तोच. पलंग निघाला असता तर सगळं उघडं पडलं असतं."

वेंडेलने स्वतःच्या हाताने दार उघडलं. लोकरीच्या गुंड्यांशेजारी चुलीची झाकणं रचलेली होती, मधे जुनी गोधडी घालून, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. बरण्या टॉवेलात गुंडाळलेल्या होत्या. एकही फुटली नव्हती.

"का रे, लाईल?"

"तू एक दिवस त्या वस्तू परत मागितल्या असत्यास," लाईल म्हणाला. "आणि त्या रॉस्कोने वितळवलेल्या असत्या."

"मी वितळवत नाही, विकतो," रॉस्को म्हणाला. बर्नाडीनने त्याच्या तोंडात ब्रेड कोंबला.

"एवढंच?" आर्डिथने विचारलं.

लाईलने बुटांकडे पाहिलं. "नाही. बस हलकी झाली असती तर तो गेला असता. संध्याकाळी माझ्याबरोबर दुसरं कोणी खेळत नाही. पण त्याने आणखी वस्तू काढाव्यात असं मला वाटत नव्हतं, देवाशपथ. मला वाटलं, तो थकेल आणि राहील."

वेंडेलने चुलीचं एक झाकण उचललं, बाहीने पुसलं आणि परत ठेवलं.

"तुला सोंगट्याही नीट खेळता येत नाहीत," तो अखेर म्हणाला. "आणि बसमध्ये तुझ्या काय आहे? एक खाट."

"माझी बस सगळ्यांत हलकी आहे," लाईल सवयीने म्हणाला.

"तेच विचारतोय. पुलाची पाटी बसगणिक आहे. चूल, मशीन आणि बरण्या मावतील?"

लाईलला समजायला नेहमीप्रमाणे वेळ लागला. आर्डिथला समजायला लागला नाही. ती वळली आणि टेकडीकडे बघत राहिली, जणू तिथे काही घडत होतं.

चार दिवसांनी दोन्ही बस निघाल्या. खाणीवरच्या काट्यावर वेंडेलची बस पाटीपेक्षा वीस पौंड कमी भरली. बर्नाडीनने त्याला वाटेत जेवू नकोस म्हणून बजावलं आणि वर दोन ब्रेड दिले. मागून लाईलची बस गेली. तिचा विक्रम मोडला होता, आणि हे तो खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत होता.

धूळ बसल्यावर आर्डिथ आपल्या बसपाशी आली. दार उघडलं. ते करकरलं नाही. आणखी काही महिने करकरणार नव्हतं.

बाहेर दोन खुर्च्या होत्या. एक जादा वजन, असं तिने मनाशी ठरवलं, लाईलची खुर्ची उचलली आणि फुकटच्या ढिगावर नेऊन ठेवली.

उन्हं कलायच्या आत ती परत गेली. खुर्ची तिथेच होती. कोणी बघत नाही याची खात्री करून तिने ती उचलून आणली आणि आपल्या खुर्चीशेजारी मांडली.