दाट की विरळ

चैत्र अर्धा सरला होता, तरी दुपारपर्यंत कुरडया वाळल्या नव्हत्या. सुलभाबाईंनी एक उचलून पाहिली. वरून कोरडी, पोटात ओलीच. पूर्वी सकाळी घातलेली कुरडई जेवणवेळेपर्यंत कागदावरून आपोआप सुटायची. आता गच्चीवर ऊन होते, पण त्याला धार नव्हती. कठड्याची सावलीसुद्धा कडेला बोटाने पुसल्यासारखी पडत होती.

"आजी, आकाश निळं होतं म्हणजे कसलं निळं?" वाटीतला गरम चीक खात नात आर्वीने विचारले. तिने पाहिलेले आकाश दुधात पाणी घातल्यासारखे होते.

सुलभाबाई बार्शीजवळच्या याच गावात भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. प्रश्न आला की त्यांचे हात थांबत.

"पांढऱ्या सदऱ्याला आम्ही नीळ घालायचो. कधी हात सैल सुटायचा आणि सदरा निळाच व्हायचा. मग आईची बोलणी. कार्तिकातलं आकाश तसं असायचं, नीळ जास्त पडल्यासारखं."

"मग ते गेलं कुठं?"

"गेलं नाही, झाकलं." त्यांनी चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन उन्हात फुंकले. "हे कण चमकतात ना? ऊन त्यांच्यावर आपटून मागं वळतं. विमानांनी असेच बारीक कण फार उंच, ढगांच्याही वर पसरलेत. थोडं ऊन परत जातं, जमीन कमी तापते. त्याला आच्छादन म्हणायचं."

"शिकवायला पीठच सापडलं का आत्या?" सोऱ्यात चीक भरता भरता त्यांची सून कल्याणी म्हणाली. आर्वी खुदकन हसली.

गच्चीच्या कोपऱ्यात दोरीवर एक पातळ पडदा टांगला होता. त्यात दुसरेच अंगण दिसत होते. तांबडी माती, मातीची भिंत आणि उखळाशी उभी असलेली हदिझा. ती नायजर देशातल्या एका खेड्यात राहत होती. आच्छादन दाट ठेवायचे की विरळ करायचे, हे ठरवायला सगळ्या देशांनी मिळून चिठ्ठ्या टाकून साधी माणसे निवडली होती. लोक त्यांना जगपंच म्हणत. आच्छादनाचा फायदा झालेल्या मुलखातला एक आणि तोटा झालेल्या मुलखातला एक, अशा जोड्या लावल्या होत्या. जोडीने एकमेकांच्या घरी, पडद्यातून का होईना, कामाला बसायचे, बोलायचे. मताविषयी मात्र चकार शब्द काढायचा नाही. सुलभाबाई आणि हदिझा ही अशीच एक जोडी. आज त्यांची शेवटची भेट होती आणि आजच मत द्यायचे होते.

सुलभाबाईंच्या कानातल्या दुभाषी यंत्राला कल्याणी 'कुडी' म्हणे. आज सगळ्यांना ऐकू यावे म्हणून त्यांनी आवाज पडद्यावर लावला होता.

"अजून ती घरटीच घालताय?" कुरडयांची वेटोळी पाहून हदिझा ओरडली. "गहू भिजवायचा, आंबवायचा, शिजवायचा, वाळवायचा आणि परत तळायचा! तुमच्याकडे बायकांना दुसरी कामं नाहीत?"

"आहेत की! पण या कामात तोंड मोकळं राहतं." सुलभाबाई हसल्या. "तुझं काय चाललंय?"

"बाजरी."

आर्वी पुढे सरकली. "आपलीच बाजरी?"

"त्यांची," सुलभाबाई म्हणाल्या. "हजारो वर्षांपूर्वी तिकडून माणसांच्या हातांनी फिरत फिरत आपल्याकडे आली. आपण भाकरी शिकलो आणि विसरून गेलो."

हदिझाने मुसळ उचलले. पहिल्या भेटीत तिने दाखवले होते. मुसळ हवेत सोडायचे, ते खाली येईपर्यंत एक टाळी वाजवायची आणि पुन्हा झेलायचे. तिची आई दोन टाळ्या वाजवी म्हणे. आज ती नुसतीच कांडत होती.

"टाळी नाही आज?"

"उखळ भरलेलं असलं की हात खेळतात गं. एवढ्याशा दाण्याला टाळी कसली? कणसं आली, दाणा भरलाच नाही."

 पावसाचा पट्टा नकाशावर सुलभाबाईंनी कितीदा तरी काढला होता. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात आच्छादन दाट झाले आणि तो पट्टा दक्षिणेला सरकला. त्यांच्या गावाचाही पाऊस थोडा घटला, पण धकून गेले. हदिझाच्या गावाचे धकले नाही.

कल्याणीने पडद्याकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "आत्या, आज काय सांगायचं ते ठाऊक आहे ना? मामा बाजार समितीत तोलाई करता करता उन्हानं कोसळले ते गेलेच, तेव्हा आच्छादन नव्हतं. आज त्याच आवारात तुमचा लेक उभा असतो. दिवसभर."

"ठाऊक आहे."

"नुसतं ठाऊक नको, ध्यानात ठेवा."

पडदा हिरवा झाला; मत द्यायची वेळ आली. दोघींचे आवाज एकमेकींपासून तोडले गेले. सुलभाबाईंनी पदराला हात पुसले. रंगनाथरावांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा, घामाने चिकटलेला सदरा त्यांना आठवला. त्यांनी कल्याणीकडे पाहिले नाही.

"विरळ करा," त्या म्हणाल्या.

"आत्या!" कल्याणीच्या हातून सोऱ्या निसटला. "आमचा विचारच नाही केलात?"

"केला गं. खूप केला."

तेवढ्यात पडद्यावर दोघींची मते उमटली. सुलभाबाईंच्या नावापुढे 'विरळ'. हदिझाच्या नावापुढे 'दाट'.

"वेडी आहेस का?" आवाज जुळताच सुलभाबाई जवळजवळ किंचाळल्या. "तुझ्या पोरांनी खायचं काय?"

"आणि तुझा मुलगा?" हदिझाही तितक्याच जोरात म्हणाली. "तूच सांगितलंस, नवरा सकाळी चहा पिऊन गेला आणि दुपारी लोकांनी उचलून आणला. पाऊस हळूहळू जातो सुलभा. बिऱ्हाड हलवायला वेळ मिळतो. ऊन तेवढाही वेळ देत नाही. मला वाटलं, माझं मत तुझ्या कामी येईल."

"मलाही तेच वाटलं, तुझ्यासाठी."

 मग कल्याणी उठली, पडद्याजवळ गेली आणि रुसल्या आवाजात म्हणाली, "हदिझाताई, काही खाल्लं का सकाळपासून?"

आर्वी बोटे दुमडत विचार करत होती. "आजी, तुझं एक मत इकडे, त्यांचं एक तिकडे. म्हणजे दोघींनी मत दिलंच नाही, असंच झालं ना?"

"वजाबाकी बरोबर आहे तुझी."

"आणि सगळ्याच जोड्यांनी असं केलं असेल तर?"

सुलभाबाईंनी तिला जवळ ओढले. वर्गात मुलांना उत्तर शोधायला वेळ देत, तशा त्या थोडे थांबल्या.

"तर निकाल बरोबरीचा येईल. दाटही नाही, विरळही नाही. पण ज्या जगात निम्मी माणसं उरलेल्या निम्म्यांसाठी हट्टाला पेटलीत, त्या जगाला याहून वेगळी वाट काढताच येणार नाही का गं?"