घोंगडीवीराचा तळहात

धनराज शेठला त्या प्रदर्शनातून काय काय मिळायचं होतं, ते आधी मांडून घेऊ. वडिलांच्या फोटोला हार. औरादच्या नव्या सभागृहाला वडिलांचं नाव. फलकावर वडिलांपेक्षा जरा मोठा स्वतःचा फोटो. शिवाय प्रदर्शन संपलं की सगळी चित्रं बेंगळुरूच्या एका संग्रहालयात जाणार होती. तिथं चित्रकार म्हणून जे नाव लागेल, ते कायमचं.

चित्रं होती घोंगडीवीराची. खांद्यावर काळी घोंगडी, पायात जाड वहाणा, आणि उडण्याआधी डावा तळहात छातीसमोर धरून त्यात टक लावून बघायची सवय. चाळीस वर्षांपूर्वी धनराजचे वडील हरिबा यांच्या छापखान्यातून त्याच्या चित्रकथा निघायच्या. चित्रकाराचं नाव मात्र कधी छापलं गेलं नाही. हरिबा वारले, तशी धनराजनं ती रिकामी जागा त्यांच्याच नावानं भरून टाकली.

दिवाळीच्या सुट्टीत चित्रं टांगायला फुकटचे हात हवे होते. ते अंजू, पप्पू आणि शैलश्री या गावातल्या शाळकरी पोरांचे मिळाले. पप्पूकडे रद्दीतून आणलेला घोंगडीवीराचा एक जुना अंक होता. तो भिंतीजवळ धरून बघता बघता पप्पू थबकला.

"अंजे, हे बघ. माझ्या अंकात ह्याच्या तळहातावर काळा ठिपका हाय. भिंतीवरच्या चित्रात न्हाई."

"तुझ्या अंकावर माशी बसली असंल."

"पानापानावर एकाच जागी? लई शिस्तीची माशी दिसायलीय."

अंजूनं चित्र उजेडात तिरकं धरलं. तळहातावर पांढऱ्या रंगाचा जाड ठपका होता. दुसऱ्या चित्रावर तोच. तिसऱ्यावरही.

"कुणीतरी मुद्दाम पुसलंय. पण कामून?"

शैलश्रीनं हातोडी खाली ठेवली. "उद्या सकाळी माझ्या घरी या. अज्जाच्या पूजेच्या वेळेला."

सकाळी तिचे आजोबा माणिकप्पा पाटावर बसले. गळ्यातलं इष्टलिंग काढून त्यांनी डाव्या तळहातावर ठेवलं, हात छातीसमोर धरला आणि नजर त्यावर लावली. बघायची ती नुसती सवय उरली होती. काचबिंदूनं डोळे केव्हाच नेले होते. तळहातावर काळं, गोल, इवलंसं लिंग. पप्पूनं अंक उघडला आणि पुन्हा मिटला.

पूजा झाल्यावर शैलश्रीनं घोंगडीवीराच्या चित्रांचं विचारलं.

"व्हय, मीच काढायचो," माणिकप्पा म्हणाले. "हरिबा म्हणायचा, नावाचं काय करायलास, वीर घराघरात गेला की झालं. तसा गेला." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "प्रदर्शन हाय म्हणतेत. ठिपका नीट दिसायलाय ना?"

शैलश्रीनं पूजेचं ताट उचलून आत नेलं.

उद्घाटनाला बेंगळुरूच्या संग्रहालयाचे पाहुणे आले, सभागृह भरलं. पप्पूनं शहाण्या मुलासारखा हात वर केला. "काका, जुन्या अंकात तळहातावर काळा ठिपका हाय. तो कुठं गेला?"

"बाबांचा हात घाईचा," धनराज कौतुकानं म्हणाला. "शाई सांडायची. मी पेंटर लावून सगळे डाग साफ करून घेतले."

"बरोबर तळहातावरच सांडायची व्हय?" अंजू म्हणाली.

शैलश्री अज्जाचा हात धरून दारात उभी होती. "काका, ते डाग न्हाईत. इष्टलिंग हाय ते."

निम्म्या सभागृहाचा हात आपोआप स्वतःच्या छातीकडे गेला. धनराजचा सारा जन्म गळ्यात लिंग बांधणाऱ्या ह्या लिंगायत लोकांच्या शेजारात गेला होता. त्यांच्या घरी तो जेवला होता. शेजाऱ्याच्या तळहातात मात्र त्यानं कधी डोकावलं नव्हतं.

"हरिबा कवापासून लिंग बांधायला लागला रे?" मागून कुणीतरी विचारलं. लोक हसले.

"बाबांनी कुणाचं तरी बघून काढलं असंल," धनराज म्हणाला.

अंजूनं एक चित्र उचलून पाहुण्यांपुढे धरलं. "अज्जा, वीर शेळी घेऊन नदी ओलांडतो, ते चित्र."

"त्या शेळीला तीनच पाय हायत," माणिकप्पा दारातूनच म्हणाले. "चौथा राहून गेला. हरिबा लई बोलला मला."

पाहुणे वाकले. पाय तीनच होते.

आता धनराजची चपळाई बघा. वडिलांच्या फोटोचा हार त्यानं काढला आणि माणिकप्पांच्या गळ्यात घातला. "शेवटी शोधून काढलाच की न्हाई मी आपला चित्रकार?" टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. "अशी चौकस लेकरं गावोगावी पाहिजेत." मग त्यांना आणखी सुचलं. "आजोबा, त्या मोठ्या चित्रातला ठिपका तुमच्या हातानं परत काढा. फोटो घेऊ."

पप्पूनं धावत जाऊन आपलं काळं स्केचपेन दिलं.

"अज्जाला दिसत न्हाई," शैलश्री म्हणाली. टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

माणिकप्पांनी हात वर नेला, अंदाज घेतला आणि पेन टेकवलं. ठिपका वीराच्या हनुवटीवर पडला. सभागृह हसलं. फोटो निघाला.

"बसला का गं जागेवर?" त्यांनी विचारलं.

"बसला, अज्जा."

तर एकूण हिशोब असा. धनराजनं एक हार दिला आणि चित्रकार शोधून काढल्याचा मान घेतला. मुलांना शाबासकी मिळाली. पप्पूनं ते स्केचपेन पुन्हा वापरलं नाही, एवढंच. बेंगळुरूच्या पाटीवर माणिकप्पांचं नाव लागलं. पाटीच्या वर घोंगडीवीर उभा आहे, रिकाम्या तळहाताकडे टक लावून, हनुवटीवर डाग घेऊन. ह्या हिशोबाची किंमत भरली ती माणिकप्पा आणि वीर, त्या दोघांनी.