एकशे एकोणिसावा अभिप्राय

परिषद भरवणं म्हणजे नवरा-नवरीशिवायचं लग्नघर, असं जिझेल म्हणायची. पाहुणे, पंगत, रुसवेफुगवे सगळं तेच, फक्त शेवटी कुणाचा संसार उभा राहत नाही.

नेनिता पाल्मारेसला मात्र या लग्नात स्वतःचाच संसार वाचवायचा होता. इलोइलो शहरात नदीकाठच्या विद्यापीठात ती ग्रंथालय आणि माहितीशास्त्र विभागाची प्रमुख होती. सात शिक्षक, दोन वर्ग, एक गळकी प्रयोगशाळा. हा विभाग मोडून शिक्षणशास्त्रात मिसळायचा बेत वर शिजत होता. "परिषद नीट पार पडली तर बघू," एवढंच कुलगुरूबाई म्हणाल्या होत्या. त्या एका 'बघू'वर नेनिताने तीन महिने रात्रीचा दिवस केला. सात देशांतून एकशे अठरा माणसं आली. मंगळवारी सकाळी प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं, आणि तीन दिवसांची परिषद सुरू झाली.

अभिप्रायपत्रांचा नियम नेनिताचाच. प्रत्येक सत्रानंतर हिरव्या कागदावर अभिप्राय लिहून द्यायचा, तेव्हाच जेवणाचं कुपन मिळायचं. शेवटच्या दिवशी तसंच प्रमाणपत्र.

"मॅम, लोक शिव्या घालतायत," जिझेल म्हणाली. जिझेल गुम्बान ही विभागातली सगळ्यांत तरुण शिक्षिका. कामाला वाघ, तोंडाला लगाम नाही. "भुकेल्या माणसाला परीक्षा कुठं असते?"

"घालू देत. कुलगुरूंच्या टेबलावर मला आकडे ठेवायचेत."

मंगळवारी दुपारी जिझेलने गठ्ठा मोजला. पुन्हा मोजला.

"एकशे एकोणीस आहेत."

"छापलेच जास्त असतील."

"छापले जास्तच, पण भरून कुणी दिला?"

तो जादा कागद सापडायला वेळ लागला नाही. बाकी सगळे पेनाने भरलेले, हा एकच शिसपेन्सिलीने. अक्षर गोल आणि सावकाश काढलेलं, जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाचं असावं तसं. नावाची जागा कोरी. 'काय सुधारता येईल?' या प्रश्नाखाली लिहिलं होतं: 'दुपारी दिवे गेले तेव्हा अकरा मिनिटं दारं बंदच होती. लोक घाबरले. दारं ताबडतोब उघडायला हवी होती.'

"दिवे कुठं गेले?" जिझेल म्हणाली. "हा बाबा भलत्याच परिषदेला जाऊन आलाय."

दोघी हसल्या. नेनिताने नूडल्सचे चार घास घाईघाईने खाल्ले आणि ती सभागृहात गेली.

पावणेतीनला दिवे गेले.

सभागृहाला खिडक्या नव्हत्या. वातानुकूलन यंत्राची घरघर थांबली आणि एवढी माणसं एका जागी श्वास घेत आहेत हे एकदम ऐकू यायला लागलं. कुठेतरी खुर्ची आपटली. एक बाई बारीक आवाजात कुणाचं तरी नाव घेत राहिली. नेनिता पहिल्या रांगेत बसली होती. तिला दुपारचा शिसपेन्सिलीचा कागद आठवला.

"मानोंग एर्निंग!" तिने सभागृहाच्या म्हाताऱ्या शिपायाला हाक मारली. "दारं उघडा! सगळी!"

चारही दारं उघडली, व्हरांड्यातलं ऊन आत आलं, लोक सैलावले. कुणी विनोद केला, कुणी हसलं. नेनिता हातातल्या घड्याळाकडे बघत बसली. दिवे आले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती.

संध्याकाळचा गठ्ठा तिने स्वतः चाळला. शिसपेन्सिलीचा कागद खालून तिसरा होता.

'दारं उघडलीत. आभार.' आणि त्याखाली: 'बुधवारी सकाळी डॉ. यूस्निदार यांना भाषणाच्या मध्येच मंचावर फोन नेऊन दिला. त्या भाषण टाकून गेल्या आणि सत्र कोलमडलं. असं होऊ नये.'

जिझेलने तो वाचला, उलटून पाहिला, उजेडात धरला. या वेळी ती हसली नाही.

"कुणीतरी टवाळकी करतंय, मॅम."

"दिव्यांची टवाळकी?"



यूस्निदारबाई इंदोनेशियातल्या पादांगहून आल्या होत्या. खेड्यांतल्या वाचनघरांवर त्यांचं काम होतं. बुधवारी सकाळी बोलायला जाताना त्यांनी फोन नोंदणीच्या टेबलावर चार्जिंगला लावला आणि जिझेलला सांगितलं, "आई आजारी आहे गं माझी. बहिणीचा फोन आला तर मला लगेच सांग हं, मी कुठेही असले तरी."

त्या बोलायला लागल्या. छान बोलत होत्या. कुलगुरूबाई नेमक्या त्याच वेळी येऊन पहिल्या रांगेत बसल्या आणि वहीत टिपणं काढायला लागल्या. वीस मिनिटं उरली असतील, तेवढ्यात जिझेल फोन हातात धरून पडद्यामागून पळत आली. फोन थरथरत होता.

मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या नेनिताने तिचा दंड धरला.

"मॅम, बहिणीचा आहे."

"संपू दे भाषण."

"अहो पण त्यांनी सांगितलंय…"

"वीस मिनिटांचा प्रश्न आहे, जिझेल."

फोन थांबला, पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला. नेनिताने तो आपल्या हातात घेतला होता. सात वेळा तो तिच्या मुठीत थरथरला. भाषण संपलं, टाळ्या झाल्या. कुलगुरूबाईंनी मान डोलावली.

यूस्निदारबाई पडद्यामागे उभ्या राहूनच बहिणीशी बोलल्या. मग त्यांनी फोन खाली घेतला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पहिला फोन कधी आला होता?" त्यांनी विचारलं.

नेनिताने सांगितलं.

"आई तेव्हा बोलत होती," त्या म्हणाल्या. "पंधरा मिनिटं बोलत होती म्हणे. माझं नाव घेऊन." त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि त्या सामान घ्यायला गेल्या.

जिझेल नेनिताकडे बघतही नव्हती.

त्या दुपारी अभिप्रायांसाठी पेटी घेऊन नेनिता स्वतः दारात उभी राहिली. जो येईल त्याच्या तोंडाकडे बघायचं, कागद हातात घ्यायचा, कोपऱ्यात लाल पेनाने आकडा टाकायचा आणि मगच पेटीत सोडायचा. यूस्निदारबाई गेल्यामुळे एकशे सतरा. एकही शिसपेन्सिलीचा नव्हता. तिने पेटीला कुलूप लावलं, कडेवर पोर घ्यावं तशी ती कार्यालयात आणली आणि जिझेलसमोर उघडली.

एकशे सतराव्या कागदाखाली आणखी एक होता. कोपऱ्यात लाल शाईत आकडा होता, एकशे एकोणीस. तो एक आणि त्याला जोडून ओढलेला नऊ नेनिताच्याच हातचा होता.

"मी हा आकडा घातलेला नाही," ती म्हणाली.

"अक्षर तुमचंच आहे, मॅम."

"मला दिसतंय ते."

'फोन मंचावर नेला नाहीत. सत्र वेळेत पूर्ण झालं. पाचपैकी पाच,' असं त्यावर होतं. नेनिताने ते शब्द अंगठ्याने झाकले. मग तिने पुढची ओळ वाचली.

'समारोपात डॉ. काताल्बास यांच्यासाठी सर्वांनी उभं राहून शांतता पाळली, ते योग्यच. पण एकंदर गोंधळात अर्धा तास गेला आणि प्रमाणपत्रांना उशीर झाला.'

एलिसेओ काताल्बास म्हणजे नेनिताचे गुरू. वय शहात्तर. तीस वर्षांपूर्वी त्यांनी तिला एकदा नापास केलं होतं आणि मग उन्हाळाभर घरी बोलावून फुकट शिकवलं होतं. गुरुवारी समारोपाचं भाषण त्यांचंच होतं. तिने त्यांना मनिलाला फोन लावला तेव्हा मागे विमानतळाच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"सर, येऊ नका."

"काय? अगं विमानात चढतोय मी. ऐकू येत नाही. काय आणू तुझ्यासाठी?"

"सर, परत फिरा…"

फोन तुटला.

गुरुवारी सकाळी साडेसहाला ती अतिथिगृहात गेली. सर चौकडीच्या सदऱ्यात बसून कॉफीत पाव बुडवून खात होते. ठणठणीत दिसत होते. तिने तिन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. यूस्निदारबाईंचंही. 

सरांनी कागद वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मग आता मला पोत्यात घालून परत पाठवतेस की काय?"

"चेष्टा नको, सर. तुम्ही इस्पितळात चला. तपासून घ्या. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्या नजरेखाली राहा. एवढंच मागते."

"आणि माझं भाषण?"

"मी वाचते."

"तू? तू वाचलंस तर लोक जागे राहतील. ते बरं नव्हे." ते हसले, पण बोट त्या गोल अक्षरांवरून फिरत होतं. "नेनी, कागद कुणी लिहिला, हा प्रश्न तू मला चार वेळा विचारलास. कशासाठी लिहिला, हे एकदाही विचारलं नाहीस."

"सर, वेळ नाहीये."

तिचे डोळे भरून आलेले बघून त्यांनी उरलेला पाव बशीत ठेवला. "बरं, चल बाई. तुझ्या जिवाला शांती म्हणून."

जिझेल त्यांच्याबरोबर गेली. दहा वाजता तिचा फोन आला. हृदयाचा आलेख चांगला, रक्तदाब चांगला. "डॉक्टर म्हणतायत, या वयात इतकं चांगलं हृदय आम्ही पाहिलं नाही. तरी संध्याकाळपर्यंत ठेवतील."

तीन वाजता खुद्द सरांचाच फोन आला. "इथे पेज देतात गं. मीठ नाही, काही नाही. तुझ्या परिषदेत डुकराच्या कातडीचा कुरकुरीत चुरा घातलेलं सूप होतं म्हणे?"

"उद्या पाजते, सर. वाडगाभर."

"दोन वाडगे."

नेनिता हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती मंचावर गेली आणि तिने सरांचं भाषण वाचलं. सरांची प्रकृती बरी आहे, केवळ खबरदारी म्हणून ते येऊ शकले नाहीत, असं सांगितलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला उभं राहावं लागलं नाही.

चार वाजता शेवटचे अभिप्राय गोळा झाले. सूत्रसंचालक प्रमाणपत्रांसाठी एकेकाचं नाव पुकारायला लागला. कुलगुरूबाई मंचावर उभ्या राहून हसतमुखाने कागद हातात देत होत्या. मघाशी जाता जाता त्यांनी नेनिताच्या खांद्यावर थोपटलं होतं. "तुमचा विभाग राहील असं दिसतंय," त्या म्हणाल्या होत्या.

नेनिता मंचाच्या कडेला पडद्याआड बसली आणि तिने पेटी मांडीवर घेतली. मोजायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

तिने झाकण उघडलं.

शिसपेन्सिलीचा कागद सगळ्यांत वर होता.

'काय सुधारता येईल?' ती जागा या वेळी कोरी होती. 'काय आवडलं?' त्याखाली ती गोल, सावकाश अक्षरं होती.

'डॉ. काताल्बास यांना आधीच दुसरीकडे हलवलंत, हे उत्तम. समारोप विनाव्यत्यय पार पडला.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

तिने जिझेलला फोन लावला. पाचव्या घंटेला तो उचलला गेला.

"सर कुठे आहेत?"

"इथेच, मॅम. आत्ता डोळा लागलाय. पेजेवरून नर्सशी भांडले आणि झोपले." जिझेल दबक्या आवाजात हसली. "कार्यक्रम कसा झाला?"

"उठव त्यांना."

"अहो, आत्ताच…"

"जिझेल, उठव."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली.

"सर," जिझेलचा आवाज लांबून आला. "सर, मॅमचा फोन आहे."

मंचावर शेवटचं नाव पुकारलं गेलं.

"सर?"

सूत्रसंचालकाने घड्याळ पाहिलं आणि ध्वनिक्षेपक तोंडाजवळ घेतला. "मित्रहो, कळवायला आनंद वाटतो," तो म्हणाला, "आपण अगदी ठरल्या वेळेला संपवत आहोत."

"सर… सर?"

सगळं सभागृह टाळ्या वाजवत उठून उभं राहिलं.