ट्राउडलचा उतार

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. जिच्या बाबतीत घडली, ती स्वतःसुद्धा ठेवत नाही.

आणि रात्र वगैरे नव्हती. भुतं अमावस्येला बाराच्या ठोक्यालाच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

जानेवारीतली दुपार होती. तीन वर्षांपूर्वीची. ठिकाण ऑस्ट्रियातलं आमचं क्रामोस गाव, आणि गावाच्या डोक्यावरचा म्यूलहांग नावाचा बर्फाचा उतार.

रोस्विता माझ्या नवऱ्याची मावशी. तरुणपणी ती देशाच्या संघातून स्कीच्या शर्यतींत उतरायची. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम, म्हणजे बर्फात रोवलेल्या दांड्यांमधून सापासारखं वळत खाली यायचं. उतारावरून सरळ सुटणाऱ्यांना ती बटाट्याची पोती म्हणते. जिन्यावरून ढकलली तरी पोती खालीच जातात, त्यात अक्कल कसली, असं तिचं म्हणणं.

ती दोनदा दुसरी आली. तिसरी तर कितीदा तरी.

पहिली कधीच नाही.

एका मोठ्या स्पर्धेत पहिल्या फेरीनंतर ती सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या फेरीत, शेवटची रेषा समोर दिसत असताना, एक दांडा तिच्या दोन स्कींच्या मधून गेला. बाद. पुढे गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या, संघातली जागा गेली, आणि मावशी गावात परत येऊन स्की भाड्यानं द्यायचं दुकान चालवू लागली. अजूनही एखादं गिऱ्हाईक तिच्याकडे निरखून बघतं आणि विचारतं, तुम्हीच ना त्या... दांड्यावाल्या?

अशा माणसाला ती एक नंबर लहान बूट देते.

तर त्या हिवाळ्यात गावानं ठरवलं, म्यूलहांगला ट्राउडलचं नाव द्यायचं.

ट्राउडल म्हणजे गावातल्या खानावळवाल्याची मुलगी. रोस्विताच्याच वयाची, तिच्यासोबतच संघात घेतलेली. विशीत असताना एका धुक्याच्या दिवशी ती सराव करत होती, आणि म्यूलहांगच्या कडेच्या ओढ्याच्या घळीत पडून गेली. एकही मोठी शर्यत जिंकली नव्हती. तरी गावातला प्रत्येक म्हातारा सांगतो, ती जगली असती तर...

मावशीचं डोकं फिरायचं ते या 'तर'वर.

ट्राउडलचा धाकटा भाऊ कॉर्बिनियन गावच्या स्की मंडळाचं शर्यतीचं घड्याळ सांभाळतो. तो दुकानात आला. नामकरणाच्या दिवशी मुलांची शर्यत ठेवली होती, त्याआधी रोस्वितानं सर्वांत आधी उतरावं, अशी त्याची विनंती होती.

मावशी स्कीच्या कडा घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"पडली तिला डोंगर. उभी राहिली तिला काय? भाड्याचे बूट?"

"रोझी, ती मेली गं."

"तेच तर. मेलेली माणसं कधी हरत नाहीत. मी मात्र दर रविवारी टीव्हीवर हरत होते."

कॉर्बिनियन निघाला. दाराशी गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, मग नाही म्हणून सांगू का? मावशी म्हणाली, नाही कशाला, उतरेन की. नाहीतर तुम्ही एखाद्या शिकाऊ पोराला उतरवाल आणि त्यालाच स्लॅलम म्हणाल.

नामकरणाच्या आदल्या दिवशी दांडे रोवून झाले. लाल, निळा, लाल, निळा. मावशीनं सांगितलं, एकदा उतरून बघते, नाहीतर तुम्ही काय बागेच्या कुंपणासारखे लावून ठेवले असतील. दुपारी माणसांना वर नेणारे तारेवरचे पाळणे बंद होण्याआधी ती शेवटच्या फेरीनं वर गेली. कॉर्बिनियन खाली घड्याळापाशी थांबला. आणखी कोणी नव्हतं.

वर पोचेपर्यंत धुकं उतरलं होतं.

तिला त्याचं काही वाटलं नाही. आयुष्य धुक्यात गेलेलं. तिनं स्की अडकवल्या, हातमोजे ताणले.

सुरुवातीच्या जागी पायांच्या पुढ्यात एक बारीक दांडी आडवी असते. ती ढकलून निघालं की घड्याळ चालू होतं. मावशी अजून त्या दांडीपासून दूर होती...

आणि दांडी हलली.

टक्.

खिशातल्या वॉकीटॉकीतून कॉर्बिनियनचा आवाज आला, "निघालीस का? घड्याळ सुरू झालंय."

"नाही निघाले. तुझं घड्याळही तुझ्यासारखंच. कोणी हाक मारायच्या आत पळणारं."

वारा असेल, ती मनात म्हणाली. पण धुकं जागचं हलत नव्हतं. वारा नव्हताच.

तेवढ्यात खालून आवाज आला.

थाड...

स्लॅलमवाले दांड्याला हातानं धडक देत पुढे जातात. तो आवाज ज्यानं एकदा ऐकला, तो विसरत नाही.

थाड... थाड...

कोणीतरी खाली उतरत होतं.

दुसरी कोणी असती तर पाळण्याकडे पळाली असती. मावशीला राग आला. तिच्या आधी? तिच्यासाठी लावलेल्या दांड्यांतून? तिनं दांडी ढकलली आणि सुटली.

पहिला लाल दांडा धुक्यातून समोर आला.

तो हलत होता.

निळा आला. तोही हलत होता. नुकताच कोणाचा तरी हात लागून गेल्यासारखा.

बर्फावर मात्र एकही खूण नव्हती...

मावशीनं वेग वाढवला. तिचं वय साठीला टेकलेलं, एक गुडघा निकामी. तरी ती सांगते, तसं वळण तिनं वीस वर्षांत घेतलं नव्हतं. तिला फक्त पुढचं माणूस गाठायचं होतं. आवाज जवळ येत होता. थाड... थाड... आणि डावीकडच्या प्रत्येक वळणावर एक लांब, घसटणारा खर्र...

थाड... खर्र... थाड...

ही चाल तिच्या ओळखीची होती.

ट्राउडल डावीकडे नेहमी उशिरा वळायची. मग घसरत जागेवर यायची, म्हणून तो खर्र. प्रशिक्षकानं शंभरदा सांगितलं होतं. रोस्वितानंही सांगितलं होतं. ट्राउडल हसायची आणि पुन्हा तेच करायची.

मावशीच्या अंगावर काटा आला की नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "गधडी. अजून शिकली नाही."

आणि ती आणखी जोरात गेली.

समोर एक निळा दांडा दिसला, डाव्या हाताला, हलणारा. त्याच्या पलीकडे लाल. तोही हलणारा. मावशी त्या दिशेला झुकलीसुद्धा. पण मनात तिचं ते जुनं कुत्सित गणित चालूच होतं. ही बया आता पुन्हा उशिरा वळणार. इतक्या उशिरा वळलं तर पुढचं वळण मिळत नाही. पुढे जागाच उरत नाही. पुढे आहे...

तिनं दोन्ही स्की आडव्या केल्या.

बर्फ उसळला. ती थांबली. स्कीची टोकं हवेत होती, आणि पायांखालून पाण्याचा आवाज येत होता.

ओढ्याची घळ.

तिथे दांडा नव्हता. निळा नाही, लाल नाही. त्या बाजूला कोणी दांडे रोवलेच नव्हते.

आणि समोर, जिथे जमीन संपली होती, तिथल्या धुक्यात...

थाड... खर्र... थाड...

आवाज पुढे पुढे जात राहिला. खाली, आणखी खाली. मावशी कान देऊन उभी राहिली. पडल्याचा आवाज येईल म्हणून.

तो आलाच नाही.

मग ती घसरत, चाचपडत, पहिल्यांदा स्की पायात चढवलेल्या पर्यटकासारखी खाली आली. कॉर्बिनियन शेवटच्या रेषेपाशी टोपी हातात धरून उभा होता. त्याच्या एका बाजूच्या कपड्यांवर ओला बर्फ उडालेला होता. ओढ्याच्या बाजूच्या.

"तू आत्ता आलीस," तो म्हणाला. "मग मघाशी कोण आलं?"

त्यानं कोणाला पाहिलं नव्हतं. फक्त रेषेवर आडवा सोडलेला घड्याळाचा प्रकाशकिरण तुटला, घड्याळ थांबलं, आणि कोणीतरी जोरात आडवं होऊन थांबावं तसा बर्फ त्याच्या अंगावर आला.

मावशीनं घड्याळाच्या पाटीवरचे आकडे वाचले. पुन्हा वाचले. इतकी कमी वेळ तिला त्या उतारावर ऐन भरातही कधी मिळाली नव्हती. तिलाच काय, कोणालाच नाही.

"एवढ्या उशिरा वळूनही?" ती म्हणाली.

कॉर्बिनियन बर्फात खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मावशीनं त्याला उगी केलं नाही. तिनं स्वतःच्या स्की काढल्या, त्याच्याही उचलल्या, आणि त्याला गावात घेऊन आली. खानावळीत त्याला पुढ्यात बसवून गरम सूप प्यायला लावलं. घड्याळ बिघडलंय, नवीन घ्या, एवढंच ती सगळ्यांना सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. बँड वाजला, नावाची पाटी लागली. मावशी ठरल्याप्रमाणे सर्वांत पहिली उतरली. सगळे दांडे आपापल्या जागी, स्तब्ध. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं हात केला नाही.

त्यानंतर ती म्यूलहांगवर गेलेली नाही. घाबरले म्हणून नाही, गर्दी वाढलीय म्हणून, असं ती सांगते. आम्ही मान डोलावतो.

पण गेल्या मार्चमध्ये ती मैत्रिणीकडे स्वित्झर्लंडला गेली होती. तिथे तिला कोणी ओळखत नाही. दुपार, स्वच्छ ऊन, रिकामा उतार. ती वरून निघणार, एवढ्यात तिथल्या राखणदारानं हात आडवा केला. विशीतला पोरगा, हसरा.

"बाई, जरा थांबा. तुमच्या पुढच्या बाई अजून खाली पोचायच्या आहेत."

मावशीनं खाली पाहिलं.

पांढराशुभ्र उतार. पार तळापर्यंत मोकळा.

हे तिनं आम्हाला जेवताना सांगितलं, बटाट्याच्या ताटावरून मान न उचलता. माझ्या नवऱ्यानं विचारलं, मग तू काय केलंस?

ती चिडून म्हणाली, "काय करणार? थांबले."

मावशी जन्मात कोणासाठी थांबलेली नाही. किती वेळ थांबली, ते विचारायची हिंमत आमच्यापैकी कोणाला झाली नाही.