पळ्ळिकरणैतला पांढरा ठिपका

सांगते, पण मध्येच हसायचं नाही. काम अगदी साधं होतं. चेन्नईच्या दक्षिणेला पळ्ळिकरणैची दलदल आहे. तिथल्या पक्ष्यांची ड्रोनने पाहणी करायची आणि पाण्याचे नमुने आणायचे. ड्रोनला उष्णता टिपणारा कॅमेरा असतो. पडद्यावर गरम ते पांढरं, गार ते काळं. ऊन चढलं की सगळंच तापतं, म्हणून आम्ही उजाडायच्या आत जायचो.

ड्रोन मी उडवायचे, होडी जयतीर्थ न्यायचा. तो तंजावरी मराठी, जन्म इथलाच. माझ्या सांगलीच्या बोलण्याची टर उडवण्यात पटाईत. या शहरात मला आपला वाटावा असा तेवढा एकच माणूस होता.

त्या पहाटे वारा अगदीच पडला होता. कुजलेल्या लव्हाळ्याचा वास नाकात बसला होता. बांधावर उभी राहून मी पडद्यावर होडी पाहत होते. होडीत पांढरा जयतीर्थ. आणि त्याच्या पाठीला टेकून बसलेलं, माणसाएवढं, काळं काहीतरी.

मी फोन लावला. "होडीत कोण आहे रे तुझ्याबरोबर?"

"इल्लै, मी एकलाच आहे. काय ग, भिवलीस?"

"मागे बघू नकोस... सरळ परत ये."

तेवढ्यात बॅटरी संपत आली आणि ड्रोन आपोआप माघारी वळला. जयतीर्थ दिसेनासा झाला. मी घाईघाईने बॅटरी बदलली. मग वल्ह्याचा आवाज आला. तो बांध चढून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. माझा जीव भांड्यात पडला! राहिलेलं काम उरकावं म्हणून मी ड्रोन पुन्हा वर नेला.

पडद्यावर बांधावर एकच पांढरी आकृती होती. माझी. तिला खेटून काळं. आणि दूर लव्हाळ्यात छातीभर पाण्यात कुणीतरी पांढरं, दोन्ही हात हलवत...

"खाली आण ग," जयतीर्थ हळूच म्हणाला. "घरी जाऊ."

मी किंचाळले. अग्निशमन दलाची होडी बोलावली. त्यांनी दुपारपर्यंत लव्हाळं पिंजून काढलं, काही सापडलं नाही. "हरवलंय तरी कोण? तुमचा माणूस तर इथेच उभा आहे," ते वैतागून म्हणाले.

जयतीर्थ रोज ऑफिसला येतो. सगळ्यांशी गोड बोलतो. मी अजूनही पहाटे एकटीच तिथे ड्रोन नेते. पडद्यावर लव्हाळ्यातला तो पांढरा त्याच जागी असतो, हात हलवत. मला रडू आवरत नाही. कारण दर वेळी तो आधीपेक्षा थोडा काळपट दिसतो.