उलटं आवार

काळा कागद आणायचा, खिडकी झाकायची, कागदाला एक भोक पाडायचं आणि समोरच्या भिंतीवर काय दिसतं ते मोजायचं. धाकटीच्या प्रकल्पाचा सगळा कारभार एवढाच होता. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला बाकीची मुलं लेझर आणि आरसे घेऊन झटत होती. धाकटीने मात्र सगळ्यांत जुना, सगळ्यांत स्वस्त प्रयोग मागून घेतला. मोठ्या भावाच्या पाठची म्हणून घरात ती धाकटी, आणि वसतिगृहातही तेच नाव तिला चिकटलं होतं.

विद्यापीठ मिशनऱ्यांचं. दुपारी चॅपलची घंटा वाजायची आणि तासाला सुरुवात व्हायची ती मिनिटभराच्या प्रार्थनेने. प्रकाशशास्त्र शिकवायला फादर होते. पांढरी दाढी, अंगात कायम काळा झगा, आणि दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. फळ्यावर किरणांच्या आकृत्या ते आता हाताच्या सवयीने काढत. "देवाने प्रकाश एका शब्दात केला," ते म्हणत, "आपल्याला तो समजायला दोन सत्रं लागतात, आणि तरी निम्मे नापास होतात."

प्रयोगासाठी खोलीही त्यांनीच मिळवून दिली. चॅपलच्या मागची सामानाची खोली. मोडके बाक, गायकांचे जुने झगे, मेणबत्त्यांची थोटकं. खिडकी एकच, आवाराकडे उघडणारी. समोरची भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली, पडद्यासारखी पांढरी.

धाकटीने आणि तिच्या जोडीदाराने मिळून खिडकी झाकली. जोडीदाराला वर्गात वकील म्हणत, कारण दोन अधिक दोन चार म्हटलं तरी तो पुरावा मागायचा. कागदाला नाण्याएवढं भोक पाडून त्यांनी दार लावलं आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प बसून राहिले.

मग भिंतीवर हळूहळू आवार उमटलं. उलटं. वर हिरवळ, तिच्याखाली लोंबणारी झाडं, ग्रंथालयाची इमारत छपरावर उभी, आणि सगळ्यांत खाली, अगदी फरशीपर्यंत, निळं आभाळ. पायवाटेवरून मुलं चालली होती, पाय वर आणि डोकी खाली. कुठे आवाज नाही. पुस्तकात शंभरदा पाहिलेली आकृती, पण धाकटीच्या अंगावर काटा आला. बरा वाटणारा काटा. हे बाबांना दाखवायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं.

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. भिंगं घासण्याचं चाक, अक्षरांचा तक्ता आणि ते. प्रकाशाची गोडी तिला तिथेच लागली. मागच्या वर्षी तिची प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना बाबा गेले. पेपर बुडू नये म्हणून दादाने कळवलंच नाही. ती घरी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. लोक म्हणाले, शांत गेले. तिने मान डोलावली. पण शेवटचं तोंड पाहिलं नाही ते नाहीच, आणि त्याबद्दल ती दादाशी आजतागायत धड बोलली नव्हती.

पहिले काही दिवस मोजमापात गेले. भोक लहान केलं की चित्र रेखीव पण अंधूक, मोठं केलं की उजळ पण विस्कटलेलं. मग एका दुपारी धाकटी एकटीच खोलीत होती. चित्राच्या आड येऊ नये म्हणून ती नेहमी खिडकीखालच्या बाकावर, भोकाच्या अगदी खाली, भिंतीकडे तोंड करून बसायची. त्या दिवशी भिंतीवर एक माणूस होता.

काळसर, माणसाएवढाच उंच. फादर बाहेर उभे असतील, असं वाटून ती पट्टी उचलायला वाकली, आणि वाकता वाकताच थबकली. तो सरळ उभा होता.

झाडं उलटी, इमारत उलटी, मुलं उलटी. हा एकटाच सरळ. डोकं हिरवळीत आणि पाय आभाळात.

तिने भोकावर पुठ्ठा धरला. सगळं विझलं. पुठ्ठा काढला. आवार परत आलं, आणि तोही.

दुसऱ्या दिवशी तिने वकिलाला आणलं. तो तिथेच होता, फक्त जरासा मोठा झाला होता. वकिलाने भोकावर पुठ्ठा धरून आणि काढून दोनदा खात्री करून घेतली.

"बाहेर कोणीतरी खाली डोकं वर पाय करून उभा असेल," तो शेवटी म्हणाला.

"इतका वेळ?"

"व्यायामशाळेतली पोरं काय वाटेल ते करतात. हे बघ, आकारावरून अंतर काढू. माणूस माणसापेक्षा थोडा मोठा दिसतोय, म्हणजे भिंत जेवढी आत आहे, त्याहून तो बाहेर थोडा कमी अंतरावर. फुलांच्या वाफ्यापाशी. मी जाऊन बघतो."

तो गेला. थोड्या वेळाने वाफ्यापाशी वकील उमटला, पाय वर, डोकं खाली, हात हलवत. मग तो त्या काळ्या आकृतीच्या जागी सरकला आणि दिसेनासा झाला. जणू कोणी त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं.

परत आला तेव्हा तो घामाघूम होता. "तिथे कोणी नाही. चिटपाखरूसुद्धा नाही."

"तो तुझ्या पुढ्यात उभा होता..."

"माझ्या पुढ्यात खिडकी होती, बाई."

त्यानंतर वकील खोलीत यायला टाळाटाळ करू लागला. कधी त्याचं डोकं दुखे, कधी पोट. धाकटी मात्र रोज जायला लागली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण आकृती वाढत होती, आणि आकृती वाढते म्हणजे वस्तू जवळ येते, हे तिला झोपेतही माहीत होतं. कोण येतंय, ते तिला पाहायचं होतं.

आणि एका दुपारी त्या आकृतीने हात उचलला. हात पुढे लांब धरला, चिमटीत काहीतरी पकडल्यासारखा, आणि मान उजवीकडे कलती केली.

धाकटीने तोंडावर हात दाबून धरला. चष्मा तयार झाला की बाबा तो असाच हातभर लांब धरायचे आणि मान कलती करून भिंगावर कुठे चरा नाही ना ते उजेडात बघायचे.

"बाबा..." ती म्हणाली. तिचा आवाज जुन्या झग्यांमध्ये कुठेतरी विरून गेला. आकृती हलली नाही. तिला चेहरा नव्हता, नुसती कड होती.

त्या संध्याकाळी ती फादरांच्या खोलीवर गेली. फादर खिडकीपाशी बसले होते, दिवा न लावता. तिने सगळं सांगितलं. मग त्यांनी अगदी तोंडी परीक्षेतला प्रश्न विचारावा तसं विचारलं, "चेहरा दिसतो का?"

"नाही. सगळं काळंच."

"बाहेरची बाकीची माणसं रंगीत दिसतात?"

"हो."

"याचे पाय कुठे टेकलेत? बाहेरच्या जमिनीला की आतल्या?"

धाकटी आठवू लागली. पहिल्या दिवशी ते पाय भिंत आणि फरशी मिळते तिथे टेकले होते. खोलीच्या फरशीला.

"बाळ," फादर हळूच म्हणाले, "प्रतिमा उलटी असते. तसल्या खोलीत सरळ काय पडतं?"

उत्तर तिला येत होतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही आलं असतं. खोलीत कोणी नव्हतंच, म्हणून तो विचार ना तिच्या मनात आला ना वकिलाच्या.

"सावली," ती म्हणाली. "भोक आणि भिंत यांच्या मध्ये काही असलं, तर त्याची सावली... सरळ पडते."

"आणि ती मोठी कधी होते?"

सावली मोठी होते ती वस्तू भिंतीपासून सुटून भोकाकडे सरकते तेव्हा. म्हणजे तो बाहेरून येत नव्हता. पहिल्या दिवशी तो आतच होता, भिंतीला चिकटून. आणि रोज थोडा थोडा खिडकीकडे सरकत होता, जिथे ती बसायची.

"तो माझ्याकडे येतोय," ती म्हणाली.

"असेल. किंवा उजेडाकडे जात असेल." फादरांनी आपले पांढुरके डोळे तिच्याकडे वळवले. "मी जन्मभर प्रकाश शिकवला, आता तोच माझ्या दाराबाहेर ताटकळतोय. म्हणून एवढं सांगतो. अंधारात असलेल्याला उजेडाकडे जावंसं वाटणारच. तू त्याच्या वाटेत बसली आहेस का, ते बघ."

"मी भोक बंद केलं तर?"

"तर तो तिथेच राहील, असं वाटतं. तुझ्याजवळ. तुला ते हवंय का, ते मला विचारू नकोस."

ती रात्रभर तळमळत राहिली. खरं म्हणजे तिला ते हवं होतं. एक पुठ्ठा, थोडी चिकटपट्टी, आणि बाबा त्या खोलीत तिचे. तिला वाटेल तेव्हा. पण मग तिला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसलेली म्हातारी माणसं आठवली, आणि त्यांना हात धरून दारापर्यंत, उजेडात सोडायला जाणारे बाबा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने वकिलाला दाराबाहेर उभं केलं. "मी हाक मारली तर आत ये. नाहीतर येऊ नकोस."

"काय करणार आहेस?"

"जागा बदलणार आहे."

खिडकीखालचा बाक तिने ओढून कोपऱ्यात नेला आणि त्यावर बसली. पुठ्ठा मात्र हातात होता. तो टाकवेना.

आवार उमटलं. सावली आता अवाढव्य झाली होती. डोकं छतावर चढून वाकलं होतं. चष्मा धरलेला हात भिंतभर पसरला होता. खोलीत मेणाचा वास असायचा, तो आज नव्हता. आज स्पिरिटचा वास होता, आणि घासलेल्या काचेच्या ओल्या भुकटीचा. धाकटीने तो वास छाती भरून घेतला. तिच्या शेजारून काहीतरी गेलं. पाऊल वाजलं नाही, वारा हलला नाही, फक्त एका गालाला गारवा लागला आणि ओसरला.

पुठ्ठा पुढे करायला एक क्षण होता. तिचा हात उठलाही.

"जा," ती म्हणाली. "मी ठीक आहे. जा तुम्ही."

सावली पसरत गेली. हिरवळ झाकली, इमारत झाकली, आभाळ झाकलं. खोलीत ठार काळोख झाला, कोणी भोकाला आतून डोळा लावावा तसा. मग उजेडाची एक कड उगवली, आणि सगळं आवार भिंतीवर परत आलं, स्वच्छ, रंगीत, पूर्ण उलटं. मुलं डोक्यावर चालत होती. सरळ असं कुणीच नव्हतं.

ती खूप वेळ रडली. वकिलाने दारातून विचारलं, "ठीक आहेस ना?" ती हो म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच ते खरं होतं.

संध्याकाळी तिने आपण होऊन दादाला फोन लावला. दादा गडबडला. दोघं हवापाण्याचं बोलले, परीक्षेचं बोलले. त्या एका दिवसाबद्दल कोणी काही बोललं नाही, पण फोन ठेवायची घाईही कोणाला नव्हती. मग दादा म्हणाला, "थांब, आईला देतो. तिला तुला काहीतरी सांगायचंय."

आईचा आवाज हसरा होता. "अगं, दुकान भाड्याने द्यायचं ठरलंय ना, म्हणून काल झाडायला गेले. शटर आतून ओढून घेतलं, धूळ रस्त्यावर नको म्हणून. तर शटरला कुठेसं भोक पडलंय, आणि त्यातून सगळा रस्ता भिंतीवर दिसतो. उलटा. मोटारी न् माणसं, सगळं उलटं. मला तर गंमतच वाटली."

"हो, आई. तसंच होतं ते."

"ते होतं गं, पण त्यात तू कशी? तुझी वेणी, खांद्यावरची पिशवी... सगळी काळीच दिसत होतीस, पण ओळखलं मी. मी म्हटलं, पोरगी न कळवता आली की काय. मागे वळून बघितलं, तर दुकानात कोणी नाही."

"आई... मी उलटी होते का?"

"नाही गं, चांगली सरळ उभी. काल माझ्याएवढी दिसलीस," आई कौतुकाने म्हणाली. "आज पुन्हा गेले बघायला, तर तुझं डोकं पार छताला लागलंय."