खालून आलेली ओ

मांजरी गावात आप्पासाहेबांच्या मळ्यात एक अर्धवट खोदलेली विहीर होती. आता तिथे बिल्डिंगा उभ्या आहेत आणि पाणी नळाने येतं, त्यामुळे विहीर नेमकी कुठे होती ते कुणी सांगू शकणार नाही. सांगितलं तरी जाऊन बघू नये. बाहत्तरच्या दुष्काळात ती पुरी करण्याचं काम अल्लाबक्षच्या टोळीने घेतलं होतं.

टोळी आपली म्हणायला. अल्लाबक्ष हा कसबा पेठेतला म्हातारा सुरुंगवाला. संपत खाली उतरून कातळ फोडायचा. वर यारीवर संपतची बायको मथुराबाई आणि त्याचा धाकटा भाऊ गेनबा. यारी म्हणजे काठावर रोवलेले दोन जाड वासे, त्यांच्यामध्ये हाताने फिरवायचं चाक आणि चाकाच्या दोराला लोखंडी टोपलं. त्याच टोपल्यातून दगड वर यायचा आणि त्याच टोपल्यातून माणूस. गेनबा काय, दगड असो वा भाऊ, सारख्याच जोराने फिरवायचा. मथुराबाईला मात्र टोपल्यात नवरा बसला की चाकाच्या मुठीवरूनच कळायचं, निदान तिला तसं वाटायचं.

मुरूम संपला आणि काळा कातळ लागला. पहारीवर घण घालून त्यात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची, आणि वात जळत आत जाईपर्यंत माणसाने काठावर यायचं. वात तेवढीच लांब ठेवलेली असायची. संपतने टोपल्यात बसून दोर हलवला तरी अल्लाबक्ष लगेच चाक फिरवू द्यायचा नाही. काठावर ओणवा होऊन तो हाक मारायचा, "संपत!" खालून उत्तर यायचं, "संपत!" खालच्याने स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय टोपलं हलायचं नाही.

आप्पासाहेबांना या प्रकाराची मोठी गंमत वाटायची. एकदा ते म्हणाले, "चाचा, खाली दुसरं कोन बसलंय का? का रेशनकार्ड बगून मानूस वर घेता?"

"आधीच्या टोळीने ही विहीर का सोडली, आप्पासाहेब?" अल्लाबक्षने विचारलं.

"पळपुटी व्हती."

"उतरली किती होती आणि पळाली किती?"

आप्पासाहेबांनी तंबाखूची चिमूट तोंडात सोडली आणि ते मोटेच्या जुन्या वाटेने घराकडे चालू लागले. मथुराबाईने ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून नवरा खाली असला की तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

शुक्रवारी अल्लाबक्ष दुपारच्या नमाजाला सायकलवरून जायचा. तो येईपर्यंत सुरुंग उडवायचा नाही हे ठरलेलं होतं. पण त्या शुक्रवारी कातळ घामेजला होता. संपतने वर आणून दाखवलेल्या दगडाच्या कपारीत ओल होती. आप्पासाहेबांनी दगड गालाला लावून पाहिला.

"पानी उंबऱ्यावर आलंय आन् तुमी म्हाताऱ्याची वाट बगा," ते म्हणाले. "भ्यालात व्हय?"

संपत तापट. एवढं त्याला पुरे झालं.

"चाचा येऊ द्या की," मथुराबाई म्हणाली. "घटकाभराचा तर सवाल हाय."

"तू हाय, गेनबा हाय. चाक फिरवाया काय मौलवी लागतो?" असं म्हणून तो टोपल्यात बसला. उतरताना तिच्याकडे बघून हसला. ते हसू तिने पुढे किती वेळा आठवलं असेल!

ऊन रणरणत होतं. काठावर डोळे दिपत होते आणि आत डोकावलं तर डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. विहिरीतून दारूचा आणि ओल्या दगडाचा वास वर येत होता. पहारीचा आवाज थांबला. बराच वेळ काही नाही. मग दोर हलला.

गेनबाने चाकाला हात घातला, आणि मथुराबाई म्हणाली, "थांबा. हाक मारायची ऱ्हायली."

इथेच दोघं अडली. धाकट्या भावाने थोरल्याला नावाने हाक मारायची? ते त्या घरात कधी झालं नव्हतं. गेनबाने हात तोंडाशी धरून हाक दिली, "दादा!"

"ओ," खालून आलं.

आणि मथुराबाई! तिने नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेही बायकांनी वाट अडवली म्हणून. त्यानंतर ते तिच्या ओठावर आलं नव्हतं. ती ओणवी झाली. "अवं... बसलात का नीट?"

"ओ."

आवाज संपतचाच होता. तिला बरं वाटलं. दोघांनी चाक फिरवायला घेतलं. मुठीला वजन लागलं, दोर ताठ झाला, टोपलं वर येऊ लागलं. अर्ध्या वाटेवर आलं असेल नसेल, तेवढ्यात अगदी तळातून, टोपल्याच्याही खालून ओरडणं आलं.

"गेनबा! आरं, टोपलं कुठं चाललं? मी हितंच हाय! वात पेटलीया!"

चाक जागच्या जागी थांबलं.

"थांबू नगा," टोपल्यातून शांतपणे आवाज आला. "वर घ्या."

तोच आवाज. तसाच थोडा बसका, दगडाची धूळ खाऊन खाऊन झालेला.

"वैनी..." गेनबाचे ओठ पांढरे पडले होते. "दादा... दोन हायत."

"टोपलं सोड, गेनबा! मथुरे, अगं दोर सोड!"

"वर घ्या... खालचं ऐकू नगा..."

चाक उलटं फिरवलं आणि संपत टोपल्यातच असला तर आपल्याच हाताने त्याला पेटलेल्या सुरुंगावर नेऊन बसवायचं. वर घेतलं आणि तो खाली असला तर... मथुराबाईला एकच गोष्ट कळत होती. नावाने हाक मारायची. जो नाव सांगेल तो आपला. चाचाने रोज तिच्या डोळ्यांदेखत हेच केलं होतं. तिने तोंड उघडलं. नाव घशाशी आलं आणि तिथेच रुतलं. तीन अक्षरं पुढे सरकेनात. आईने, सासूने, सगळ्या आळीने मिळून ज्या नावावर हात ठेवला होता, ते एका दुपारी उन्हात उभं राहून कसं निघावं? तिने काठावरच्या दगडावर कपाळ आपटून घेतलं.

"मथुरे!" तळातला आवाज रडवेला झाला होता.

"संपत!" ती किंचाळली. "संपत!"

त्याच वेळी सुरुंग उडाला. कुणी उत्तर दिलं की नाही, दिलं तर कुठून दिलं, ते त्या दणक्यात गेलं ते गेलंच.

धूळ खाली बसेपर्यंत दोघं जमिनीला चिकटून पडली होती. चाकाला अडसर घातलेला होता, तो कुणी घातला ते दोघांनाही आठवेना. मग दोर हलला. त्यांनी मुकाट्याने चाक फिरवलं. दुसरं काय करणार होती? टोपल्यात माणूस बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत दगडाच्या धुळीने पांढरा. दगड उसळून विहिरीच्या तोंडापर्यंत आले होते आणि मध्येच लोंबणाऱ्या माणसाला ओरखडासुद्धा नव्हता. त्याने धूळ झटकली. चेहरा संपतचा होता.

अल्लाबक्ष आला तेव्हा वर आलेला माणूस बांधावर बसून भाकरी खात होता. गेनबाने अडखळत सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने सायकल तशीच टाकली आणि तो त्या माणसासमोर जाऊन उभा राहिला.

"तुझं नाव काय?"

त्याने वर पाहिलं. "ओ."

"हाक नाही मारली. नाव विचारतोय."

"ओ," तो पुन्हा म्हणाला आणि पुढचा घास मोडला.

अल्लाबक्ष आणि गेनबा स्वतः उतरून खाली बघून आले. कातळ फुटला होता. फटीतून पाणी झरत होतं. माणूस नव्हता, रक्त नव्हतं, कपड्याची चिंधीही नव्हती.

"बेटी, खाली कोणी नाही," अल्लाबक्ष म्हणाला.

"मग त्यो बसलाय त्यो माजा मालक का, चाचा?"

म्हाताऱ्याने चाकाचा दोर सोडवायला घेतला. "मी थांबायला हवं होतं," एवढंच बोलून त्याने सामान बांधलं आणि पुन्हा तो कधी मांजरीकडे फिरकला नाही.

पाणी लागलं म्हणून आप्पासाहेबांनी नारळ फोडला. गावच्या बायका मथुराबाईला नावं ठेवू लागल्या. नवरा एवढ्यातून जिता वर आला आणि ही बया रडते! कुणाला काय सांगणार? तो कामाला जायचा, जेवायचा, हाक मारली की ओ द्यायचा. गेनबाने घर सोडलं, तो स्वारगेटच्या डेपोत हमाली करू लागला आणि सणालाही यायचा नाही.

एका दुपारी तो माणूस जेवून ओसरीवर आडवा झाला होता. त्याच्या अंगावरची माशी हाकलायला मथुराबाई वाकली आणि थबकली. तिने भीत भीत त्याच्या छातीला कान लावला. आत काळीज धडधडत नव्हतं. आत, फार खोल, कुणीतरी कातळावर घण घालत होतं. काही घाव, मग जरा थांबणं, तळहाताला थुंकी लावण्यापुरतं, आणि पुन्हा घाव. तशा बेताने घाव घालणारा एकच माणूस तिला ठाऊक होता.

तिने ओठ त्या छातीला टेकवले आणि हलकेच नाव घेतलं. घण थांबला. कुणीतरी श्वास रोखून ऐकत होतं.

"संपत..." ती पुन्हा म्हणाली. "वर... इकडं वर..."

आतला थोडा वेळ ऐकत राहिला. मग घाव पुन्हा सुरू झाले.

तेव्हापासून रोज दुपारी ती तेच करते. आता नाव घेताना तिची जीभ अडत नाही. रोज तो थांबतो, ऐकतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण हल्ली तिला कान फार घट्ट दाबून धरावा लागतो. घाव दिवसेंदिवस लांब चालले आहेत. वर कुठे, खाली कुठे, हे त्या अंधारात त्याला उमगत नसावं. तो अजून खालीच खणतो आहे.